अर्धं शटर

रविवारी झेरॉक्सचं दुकान बंद,
म्हणजे शटर अर्धं खाली.
वाकून आत यावं लागतं,
बडगुजर सरांनासुद्धा, त्यांच्या गुडघ्यांसकट.

नियम एकच. कुणी कुणाला ‘छान’ म्हणायचं नाही.
छान म्हणायला लग्नाचे अल्बम पडलेत चोपड्यात.

शाकीर पिंजारी रात्री केळीच्या बागेत
बॅटरी पेटवून पळतो, कॅमेरा बांधावर उघडा ठेवून.
फोटोत शाकीर कधीच नसतो.
खोडांमधून गेलेली त्याची धाव असते,
एका जागी गाठ पडलेली.
‘तिथं पाय घसरला,’ तो सांगतो,
आणि आम्ही त्या गाठीकडेच बघत राहतो.

रत्नप्रभा शिंपी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढते.
मुदत संपलेल्या फिल्मा घरी आणते.
एकीवर तिनं कळण्याची भाकरी ठेवली,
अर्धा दिवस उन्हात.
ओल होती तिथं जांभळे डाग उठले.
‘फ्रॅक्चर नाही,’ ती म्हणाली.

जिभाऊंचा स्टुडिओ होता, अडतीस वर्षं.
पासपोर्ट साइजची माणसं:
कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही, हलायचं नाही.
आता ते बाजारात उभे राहून
मुद्दाम हात हलवून काढतात.
कुणाचेच कान दिसत नाहीत.
मिरचीच्या ढिगातून एक लाल वारा जाताना दिसतो.

आणि मी?
माझ्याकडे स्कॅनर आहे.

मार्गशीर्षात आम्ही डबे बांधले होते.
पावडरचे, चहाचे, एक बाळंतशोपेचा.
आत फोटोचा कागद, बाहेरून काळी टेप,
इंजेक्शनच्या सुईनं पाडलेलं एकेक भोक,
तोंड दक्षिणेला.
जिनिंगच्या पत्र्यावर, टाकीच्या जिन्याला,
सरांच्या गच्चीतल्या पन्हाळीला.
मग विसरून जायचं.
तेच अवघड. सर रोज सकाळी
पन्हाळीखाली उभे राहायचे, चहाचा कप घेऊन.

ज्येष्ठात उघडले.
हा कागद धुवायचा नसतो, पक्का करायचा नसतो.
स्कॅनरचा उजेड एकदा फिरतो
तेवढ्यात काय ते मिळतं;
बघितलं की तो थोडा मरतोच.

जिनिंगवरच्यात नुसता गंज.
टाकीवरच्यात सूर्य,
रोजची एक रेघ, एकीवर एक,
गोधडीच्या टाक्यांसारखी,
आणि मध्येच टाका सुटलेला.
तिथं ढग होता.
कुठला दिवस तो?
शाकीर म्हणाला, बहिणीला बघायला आले होते तो.
रत्नप्रभा म्हणाली, नाही, त्या दिवशी तर कडक ऊन होतं,
मी पापड घातले होते.
भांडण अजून मिटलेलं नाही.

सरांचा डबा शेवटी.
भोकावर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं.
रेघा होळीपर्यंत वर चढत आल्या
आणि थांबल्या.
चैत्र नाही. वैशाख नाही.
सत्तेचाळीस डिग्रीचा तो पांढरा आठवडाही नाही,
ज्यात आम्ही ओल्या चादरी पांघरून झोपलो.

‘हाई काय शे भो,’ जिभाऊ म्हणाले,
‘उन्हायाच नही!’

सर काही बोलले नाहीत.
रोज दहा मिनिटं उभे होते ते तिथं,
आणि फोटोत कुठेही नव्हते.
त्यांनी डबा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला,
मातीचं घर नखानं चाचपलं.
घराला एक नवं भोक होतं,
आतून पाडलेलं.

मग आम्ही परत कागदाकडे बघितलं.
अगदी वर, कोऱ्या जागेत,
एक फिकट, पुसट, जाड फराटा.
एकच.
पिल्लू निघून गेल्यानंतरचं ऊन.

कुणी छान म्हणालं नाही.
पंखा फिरत होता. शाकीरनं उगाच टेपचं टोक
चिकटवलं, काढलं, चिकटवलं.

बारा वाजता शटर वर ढकललं
तशी दुपार सरळ आत शिरली,
आणि आम्ही पाचही जण,
न ठरवता,
कागदाच्या आडवे उभे राहिलो.