काहील

कसबा बावड्यातलं गुऱ्हाळ विकलं
तेव्हा जे कुणालाच नको होतं ते आमच्या परड्यात आलं.
फाटकातून आडवी येईना,
म्हणून आठ जणांनी उभी करून
चाकासारखी गडगडत आणली ही काहील.
आबांनी काठापर्यंत जमिनीत पुरली,
आतून सिमेंटचा हात फिरवला,
महिनाभर पाणी भरलं, उपसलं, परत भरलं.
मग एक कमळाचा कंद.
मग डासांची पिल्लं, मोजदाद नाही इतकी.

"आता मासे आण," म्हणाले. मे निम्मा सरला होता.

राजारामपुरीत पिशवी भरताना
मुजावरांनी दोनदा विचारलं,
एवढ्या उन्हात? पाऊस पडू द्या की वो,
मासा कुठं पळून चाललाय.
मी म्हटलं, डास थांबत नाहीत.
सहा सोनेरी. रबर आवळून फुगवलेली पिशवी
केएमटीत पोटाशी धरून बसले.
कंडक्टर वाकून बघत म्हणाला,
"ह्यांचं अर्धं काढू काय?"

पाऊण वाजता घरी.
आबांनी काहिलीत बोट बुडवलं. मग मनगट. मग कोपर.
चाळीस हंगाम अंगठ्यावर पाक ओळखणारा माणूस
पाण्याला म्हणाला, "छ्या."
मला म्हणाला,
"बारा वाजले की हिला चुलवाण आठवतं."

पिशवी आत, माठाशेजारी, अंधारात.
सहा तोंडं पाण्याच्या वरच्या रेघेला लागलेली,
उघडतायत, मिटतायत,
कुणाचं तरी नाव ऐन वेळी आठवू नये तशी.
मी दर दहा मिनिटांनी उठून बघायची.
"सारखी बघू नको," आबा बाहेरून. "बघून निवत नसतं."

आणि ते स्वतः भर उन्हात.
बांबू आडवे टाकून त्यावर पाचट,
पाचटावर भिजवलेलं गोणपाट,
आणि मग तांब्या घेऊन बसले काठावर.
भरायचा, खांद्यापर्यंत उचलायचा, वरून सोडायचा.
भरायचा, उचलायचा, सोडायचा.
"रस उतू चालला की असंच वारं खेळवायचं त्यात.
मासा काय, वाऱ्यावरच जगतो."
जन्मभर ओरडले ते दौलू जळव्यावर :
घाल चिपाड, घाल, घाल.
त्या दुपारी डोक्यावरचं फडकं सारखं करत
वर बघून म्हणाले,
"दौलू, जाळ ओढ आता. लई झालं."
दौलूला जाऊन सहा वर्षं झाली.

साडेसहाला पिशवी पाण्यावर ठेवली, न उघडता.
सातला रबर सोडलं.
काहिलीतलं पाणी वाटी वाटीनं पिशवीत,
एका पानाला एक वाटी :
पान लावायचं, चघळायचं, थुंकायचं, मग पुढची.
मला वाटलं एकदम ओतावं आणि सुटावं.
"पाक घाईनं उतरवलास तर गूळ कधी धरत नाही,"
आबा म्हणाले, चुना बोटावर घेत.

चौथ्या पानाला पिशवी कलती केली.
पाच गेले, कमळाच्या पानाखाली, एकामागोमाग.
सहावा पिशवीच्या कोपऱ्यातच,
तोंड प्लास्टिककडे करून.
आबांनी हलवली नाही.
जेवणं झाली, भांडी झाली, शेजारची टीव्ही बंद झाली,
पिशवी तशीच कलती तरंगत.

सकाळी पिशवी रिकामी होती
आणि सहावा काठाशी, आडवा.
तळव्यावर घेतला आबांनी, कढीपत्त्याच्या मुळाशी नेला.
मी मुजावरांचं बोलणं काढलं, की पावसात आणायला हवे होते.
ते म्हणाले, "आदण बिघडलं नाही.
एक ढेप फुटली."
नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता रोज कलत्या उन्हात तांब्या घेऊन बसतात.
पाच तोंडं वर येतात,
धारेखालच्या बुडबुड्यांत थांबतात, जातात.
काल बघितलं मी : उठायच्या आधी
त्यांनी पाण्यात बोट बुडवलं
आणि सवयीनं जिभेला लावलं.
"काय?" म्हटलं मी.
पंच्याला बोट पुसत म्हणाले,
"काही नाही. पाणी आहे."