अकरा नंबरचा ठिपका

डॉक्टर कार्व्हालोंनी माझा हात उताणा ठेवला,
निळ्या पेनाने अठरा ठिपके काढले,
प्रत्येकाशेजारी एकेक थेंब टाकला :
घरातली धूळ, झुरळ, मांजर, कबुतर,
बुरशी दोन प्रकारची, गवतं, झाडं.
मग सुईचं टोक, अठरा वेळा.
‘पंधरा मिनिटं खाजवायचं नाही.’
मी भिंतीवरच्या गुलाबी फुप्फुसांकडे बघत बसलो.
इतकी गुलाबी कुणाची असतात?

अकरा नंबर फुगला.
कडेने लालबुंद, मधे फिकट, जुन्या चार आण्याएवढा.
सप्तपर्णी, असं नर्सबाईंनी वहीत लिहिलं
आणि मला आरोपी मिळाला.

आरोपी माझ्याच खिडकीखाली उभा,
बेडरूम आणि फ्लायओव्हर यांच्या मधोमध.
आमच्याकडे त्याला सातवीण म्हणतात.
ऑक्टोबरात रात्री नऊनंतर असा घमघमायचा
की अर्ध्या चेंबूरचं डोकं उठायचं.
मी शिंकायचो. दाढी करताना, फोनवर,
एकदा तर शोकसभेत,
स्तब्धतेच्या दोन मिनिटांत चौदा वेळा.

सोसायटीला अर्ज दिला, रिपोर्ट जोडून.
सेक्रेटरी ठोसर झाडाच्या जागी
दोन गाड्या मावतील का ते बघत म्हणाले, बघू.
तळमजल्याच्या कारखानीसबाई तेवढ्या भांडल्या :
‘त्याचा वास आला की मी भाजणीचं सामान आणते.’
‘मग कॅलेंडर घ्या एक.’
हे मी म्हणालो.
नाक चोंदलं तरी जीभ चालूच असते माणसाची.

परवानगी आली ‘धोकादायक फांद्यां’ची,
आणि धोका पार बुंध्यापर्यंत निघाला.
पानं ओढून करवतवाल्याचे हात काळे झाले.
त्याने ते गेटला पुसले.
मी पाहिलं, पण कशाचं काळं ते नाही विचारलं.

पुढचा ऑक्टोबर. वास नाही.
खिडकी उघडली की थेट फ्लायओव्हर,
सिमेंट मिक्सरचं फिरतं पोट, टँकरचं बूड,
बसमधल्या बाईने माझ्या भिंतीवरचं घड्याळ बघून
आपलं लावून घ्यावं, इतका जवळ.
आणि शिंक.
शिंक, आणि तिच्या मागोमाग नवी पाहुणी : शिट्टी,
छातीत खोलवर,
कुकर वाजायच्या आधी कुजबुजतो तशी.

कुठे माशी शिंकली, डॉक्टर?

कार्व्हालो हसले नाहीत.
‘झाड होतंच. पण एकटं नव्हतं.
धूर रोज येऊन नाकाचं अस्तर खरवडतो,
कडी सैल करून ठेवतो.
मग पराग येवो नाहीतर धूळ,
तुमचा पहारेकरी काठी घेऊन धावतो
आणि ती स्वतःच्याच घरात फिरवतो.
काजळी चिकटलेला पराग तर
आणखीच बोचतो.’

मग अठरा ठिपक्यांत धूर कितवा होता?

‘धुराची बाटली नसते आमच्याकडे,’ म्हणाले.
‘ती टेस्ट तुमची घरीच चाललीय.’

आता रोज उठल्यावर नळीत फुंकतो, आकडा लिहितो.
रविवार तीनशे सत्तर. सोमवार तीनशे दहा.
बुधवारी रात्री वर कंटेनर बंद पडला,
मागे दोन तास रांग, इंजिनं चालूच.
गुरुवार दोनशे साठ, आणि निळा पंप.

परवा बुंध्याला धुमारा दिसला.
पाच पानं. सातही नाहीत अजून.
मी रुमाल ओला करून एक पान पुसलं.
रुमालावर तोच रंग
जो सकाळी नाक शिंकरल्यावर येतो.

कारखानीसबाई खिडकीतून बघत होत्या.
काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं
आणि शिंक आली.

‘सत्य आहे,’ त्या म्हणाल्या.

मी अजून काही बोललोच नव्हतो.