झाकण

नव्या पेठेत, दोन अभ्यासिकांच्या मधल्या बोळात
माझं झेरॉक्सचं दुकान. सात फूट बाय नऊ.
यंत्र जुनं, झाकण बिजागरीत सैल,
सोडलं की धाडकन आपटतं.

पोरं रांगेत मोबाईल बघत उभी असतात,
झाकण आपटतं, कुणाची पापणी हलत नाही.
एकाची हलायची.
पापणीच नाही, खांदा, मान, सबंध उजवी बाजू,
आणि हात कानाकडे निघायचा,
अर्ध्यातून वळायचा,
जणू केसच सारखे करायचे होते.

विश्वंभर. हिंगोलीकडचा.
तीन पूर्व, एक मुख्य,
एक तारखेला उधारी चुकती.

मला मनातलं काही कळतं असं नाही.
पण तो हात ओळखीचा होता.
आमच्याकडे जुन्नरला संध्याकाळी फाटकाची कडी वाजली
की आवाजावरून मी सांगायचो, आज किती.
हळू वाजली तर जेवण व्हायचं.
जोरात वाजली तर मी आणि धाकटी
कणगीच्या मागे.
तो माणूस आता फोटोत आहे, हार घातलेला,
मी पंचावन्नचा,
तरी सोसायटीचं फाटक वाजलं की माझा घास थांबतो.
बायको विचारते, मीठ कमी आहे का?
मी म्हणतो, हो.

मग मी झाकण हाताने टेकवायला लागलो.
तो असला की, फक्त.
चौथ्यांदा त्याने आधी माझ्या हाताकडे पाहिलं,
नंतर माझ्याकडे.
मी दोन रुपये परत दिले.

निकालानंतर नवव्या रात्री
शटर अर्धं खाली ओढलेलं, तो वाकून आत आला.
दोन पिशव्या भरून वह्या.
"असू द्या तुमच्याकडे. कुणाला लागल्या तर द्या.
पैसे नका घेऊ."
आणि तू?
"मला नाही लागायच्या आता."

फार शांत होता.
पडलेली पोरं इतकी शांत नसतात.

अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते,
असं ऐकत मोठा झालेला मी.
माझ्या सात बाय नऊच्या वास्तूला म्हटलं,
आज तू गप्प बस.
आणि विचारलं:
विश्वंभर, जीव द्यायचं चाललंय का मनात?

यंत्राचा पंखा घरघरत होता.
"हो."

छत पडलं नाही.
तो स्टुलावर बसला,
पिशव्या मघाशीच ठेवल्या होत्या,
ओझं आत्ता ठेवलं.

वेडा आहेस का, असं म्हणालो नाही.
बापाचा विचार कर, असंही नाही;
तेवढाच तर तो जन्मभर करत आला होता.
शटर वर केलं. चहा सांगितला.
तो पट्ट्याच्या बकलाबद्दल बोलला,
एकोणिसाच्या पाढ्याबद्दल,
एकोणीस सत्ते इथे तो अजून अडतो,
परीक्षेतसुद्धा.
मी कणगीबद्दल बोललो.
दुसरा चहा गार झाला.

त्या रात्री त्याला एकट्याला सोडलं नाही.
खोलीवरचा दोस्त आला, तिघं माझ्या घरी झोपलो,
झोपलो म्हणजे, पडलो.
सकाळी सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागासमोर
अडीच तास बाकावर.
केसपेपरवर रकाना होता: सोबत कोण?
त्याने लिहिलं, झेरॉक्सवाले काका.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं. पुन्हा गेलो.
काही आठवडे वाईट होते, काही बरे.
एकदा रात्री दोनला त्याचा फोन आला,
बोलला काहीच नाही, मीही नाही,
दोघांनी एकमेकांचा पंखा ऐकला.

परवा जेवताना फाटक वाजलं.
मीठ कमी आहे का?
नाही, म्हटलं. बरोबर आहे.
बस जरा, तुला एक सांगायचं राहिलंय.

वह्या तो एकेक करून नेतोय.
इतिहास नेला, भूगोल नेला.
राज्यव्यवस्था अजून माझ्या फळीवर आहे.
नेईल. घाई नाही.