अंगण वाकडं

गाडी उजवीकडे ओढते.
तीन शुक्रवार झाले.
सरळ सोडली तरी बंद पडलेल्या गालिच्याच्या दुकानाकडे वळते,
जणू तिथली उधारी राहिलीय.

वीतभर गाडी. कार्बनची एक सपाट पाटी,
चार फोमची चाकं, मधोमध एक शॉक,
दोन्ही अंगांना दोन बारक्या स्प्रिंगा,
पेनात असतात तशा.
जमिनीपासून उंची साडेचार मिलिमीटर.
आईला फोनवर सांगितलं, खालून झुरळ जाणार नाही.
"मग चांगलीच आहे," म्हणाली.

दिवसभर मी कंपनीचे प्रेशर गेज शून्यावर आणतो,
स्टिकर चिकटवतो, खाली सही करतो.
रात्री फलज अल कबाइलच्या या खोलीत
सुरीचं टोक पाटीखाली, बरोबर मध्यावर,
आणि हलकेच उचलतो.
दोन्ही पुढची चाकं एकदम सुटायला हवीत टेबलावरून.
डावं सुटतं.
उजवं बसून राहतं, रुसलेल्या पाहुण्यासारखं.

मग डावा स्क्रू पाव फेरा.
वहीत नोंद.
मग उजवा, उलटा, पाव फेरा.
नोंद.
शॉकमधलं तेल बदललं. किंगपिन पुसली.
चाकं लेथवर घासून पुन्हा गोल केली,
काळा भुसा नाकात, उशीवर, आमटीतसुद्धा.
एका रात्री तर वाटलं, आपली बोटंच जड झालीत,
सत्तेचाळिसाव्या वर्षी हे असले खेळ
कोणी सांगितले होते?

खल्फान आला चहाला.
बोटींची इंजिनं खोलून म्हातारा झालेला माणूस,
गाडीकडे बघितलंही नाही.
ग्लास टेबलावर ठेवला आणि
डोळे त्याच्या पातळीत आणून बघत बसला
चहाची रेघ.
एका कडेला काठाशी. दुसऱ्या कडेला बोटभर खाली.
"गाड़ी ठीक है," म्हणाला. "घर टेढ़ा है."

नाचता येईना, अंगण वाकडं.
शाळेत किती वेळा ऐकलं, हसलो.
अंगण खरंच वाकडं असेल, अशी शंका
कुणालाच कशी आली नाही?

वाकून पाहिलं.
टेबलाच्या एका पायाखाली दुमडलेलं पुठ्ठं,
देवरूखहून आणलेल्या कुकरच्या खोक्याचं.
"पाच लिटर" एवढंच अजून वाचता येतं.
डुगडुगतं म्हणून मीच सारलं होतं,
आलो त्याच आठवड्यात.
अकरा वर्षं.
त्यावरच जेवलो, त्यावरच पत्ते, पगाराचा हिशोब,
त्यावरच घरी पाठवायचे फॉर्म भरले.

खल्फानच्या भाच्याने ओट्याच्या ग्रॅनाइटचा तुकडा दिला,
फुकट. एक कोपरा फुटलेला.
त्याखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घालून लेव्हल केला,
बुडबुडा मध्ये येईपर्यंत.
गाडी ठेवली, सुरीचं टोक लावलं.
दोन्ही चाकं एकदम सुटली.
वहीतले आकडे सगळे खोटे ठरले.
फाडली नाहीत पानं.

शुक्रवारी, इशाची नमाज उरकल्यावर
पार्किंगमधली वाळू झाडली.
रोडेलने साखरेचं पाणी शिंपडलं, चाकांना पकड मिळावी म्हणून.
मला मात्र दर वेळी सडाच आठवतो.
सात गाड्या. टायरला औषध चोळून झालं.
पिनियनचे दात शेवटचे तपासले.
सुटलो.

लांब सरळ पट्ट्यावर ती दोरीसारखी गेली.
इतकी सरळ की मला ओळखूच येईना.
आणि माझा अंगठा,
तीन आठवडे काडी डावीकडे दाबून शिकलेला,
सवयीने दाबला.
डावीकडचा पाइप. ठक्क.
पुढच्या फेरीला पुन्हा. ठक्क.
कुंपणामागून खल्फान ओरडला काहीतरी, अरबीत,
सगळे हसले.

पाचवा आलो.

रात्री वहीत लिहिलं:
स्प्रिंगा, बदल नाही. तेल, बदल नाही.
उंची तीच.
अंगठा
आणि पुढे काय लिहावं कळेना.

गाडी उलटी करून पुसायला घेतली
तर मागच्या चाकावर दोन मुंग्या,
साखरेसाठी इतक्या लांब आलेल्या.
ग्रॅनाइटवर सोडल्या.
एक डावीकडे गेली,
दुसरी जागची हललीच नाही.