धायटी

चाळीस वर्षं अब्बा जहाजावर भंडारी होते.
सुट्टीवर घरी आले की चुलीकडे फिरकायचे नाहीत,
फक्त पहिल्या घासाला, मान न उचलता सांगायचे:
आज त्रिफळं दोन जास्त पडली, हूरबी.
अम्मी तेव्हा काही बोलायची नाही.
भांडी घासताना बोलायची.

बिस्किटांच्या डब्यात, जुन्या पासपोर्टांच्या खाली
मला परवा एक पुडी सापडली.
आत भुरकट जांभळा चुरा,
वर पेन्सिलीने त्यांची उभी अक्षरं:
हेदर. चहात. थोडं.

ग्रीनॉकच्या गोदीवर कुणा बाईने दिली होती.
तिकडे डोंगरच्या डोंगर जांभळे होतात म्हणे,
फुलं चहात टाकतात, बियरमध्ये मुरवतात,
आणि मध इतका दाट की बरणी उलटी केली तरी हलत नाही.
आपला सडा पण होतो की भादव्यात जांभळा, अम्मी म्हणाली होती.
होतो, पण ती फुलं आपण खायची नाहीत,
ती स्वतःच बसलेली असतात, किडे खायला.
असं म्हणून अब्बा एकटेच हसले होते.

पुडीतला चुरा मी चहात टाकून पाहिला.
चव आली, डब्याची.

अब्बांचं नाक गेल्या वर्षीच्या तापात गेलं.
म्हणजे आहे जागेवर, चष्मा टेकतो त्याच्यावर,
पण करपलेलं दूध कळत नाही, खाडीची ओहोटी कळत नाही.
बांगडा आणि भात यात फरक काट्याचा, म्हणतात.
आता पहिल्या घासाला काही सांगत नाहीत.
दुसऱ्यालाही नाही.
ताट रिकामं होतं, एवढंच.

फाल्गुनात जयगडच्या सड्याखाली, उतारावर
धायटी लाल होते.
ठकू झोरे ती किलोवर तोडते, वैद्याच्या आसवासाठी.
तिनेच सांगितलं, उन्हाच्या आधी ये, मुंग्यांच्या आधी,
आणि धुवू नकोस बाई,
धुतलंस तर आतलं सगळं पाण्याला दिलंस.
एक फूल तिने देठाकडून चोखून दाखवलं
आणि शेळीला हाक मारत निघून गेली.

फुला काय खायाची असतात? अम्मी दारातूनच.

गुळाच्या पाण्यात भिजवून मी बरणी कोनाड्यात ठेवली.
सरबत करायचं होतं.
दुसऱ्या दिवशी रंग सुटला, विटकरी.
चौथ्या दिवशी फडकं फुगून वर आलं
आणि बरणी स्वतःशीच कुजबुजायला लागली.
आता हे पिणं आमच्या घरात शक्य नव्हतं,
ओतून टाकायला हात होत नव्हता.
अम्मीने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं,
मग छताकडे बघत म्हणाली,
माझी नानी सांदणाच्या पिठात माडी घालायची.
मी काय सांगत नाय. आठवलं म्हणून बोलले.

रात्रभर पीठ चढत राहिलं.
सकाळी वाफेवरून उतरवलेली सांदणं
फिक्या गुलाबी रंगाची, आतून जाळीच जाळी.
वरून नारळाचं दूध.

अब्बांनी तुकडा तोडला, बोटांनी दाबून पाहिला,
जाळी उजेडात धरली.
चाळीस वर्षं डुलत्या स्वयंपाकघरात काढलेला माणूस,
अजून वाटी धरतो ती कलंडेल अशाच बेताने.
तोंडात घातला.
जीभ टाळूला लागली, आणि तिथेच थांबली.

वासाचं सगळं जातं तापाबरोबर.
पण तुरट हे वासाचं नसतं,
ते जिभेला हात लावतं, खडबडीत हात,
ओळखीच्या माणसाने मागून खांदा धरावा तसं.

त्यांनी दुसरा तुकडा तोडला. मग तिसरा.
मग मान न उचलता म्हणाले:

फूल जरा जास्त पडलंय, हूरबी.

अम्मी पदराने हात पुसत होती, पुसतच राहिली.
माज्याकडं बघू नका, म्हणाली,
मी नाय केलं.