चौदा मिलिग्रॅम

उद्यमनगरात लेथ मशीन थांबलं की
हात अजून खिशाकडं जातो.
खिशात व्हर्नियर आहे, काडेपेटी नाही.

सीपीआरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
पट्टीला रोज नवी जागा. काल डावा दंड, आज उजवा.
पारू चिकटवते, तळव्यानं दाबून धरते
मनात दहा मोजत.
एवढा वेळ तिनं मला हात लावल्याला
किती वर्षं झाली, कुणास ठाऊक.

चहाच्या गाड्यावर आण्णाप्पा पाकीट पुढं करतो :
"ओढ की मर्दा एक!"
मी गम चावतो, गालात सरकवून ठेवतो.
मिरमिरतं.
बोलता येत नाही, ते बरंच.

एकवीसवरनं चौदावर आलोय.
पुढच्या महिन्यात सात,
मग काहीच नाही.

त्या सकाळीही
मी बाही वर करून
बसणार आहे.