सावरते

दोनशे अकरा डाव हरलेय मी त्याच्याशी.
बरोबरी नऊ.
जिंकलेल्यांचा रकाना वहीत आखून ठेवलाय,
त्यात लुखुमीनं एकदा मांजर काढलं.

कुताइसी, रिओनीचा काठ, तिसरा मजला.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर डावीकडे लॅपटॉप,
उजवीकडे पट, आईनं लग्नात दिलेला.
एक उंट हरवला होता, तो शेजाऱ्यानं अक्रोडाच्या लाकडात कोरून दिला,
बाकीच्यांहून गडद, जरा ठेंगणा,
घराच्या मध्यावर कधी उभा म्हणून राहत नाही.
तो पडद्यावर चाल दाखवतो,
मी ती माझ्या हातानं पटावर करते.
म्हणजे त्याच्या सैन्याची हमालीही माझ्याकडेच.

फ्रिजवर नियम चिकटवलेत:
चाल मागे घ्यायची नाही, बटण असलं तरी.
दुसऱ्या यंत्राला विचारायचं नाही.
हात लागला ते मोहरं हलवायचंच.
नुसतं नीट बसवायचं असेल
तर आधी मोठ्यानं म्हणायचं, सावरते.

म्हणते मी. किटलीपुढे, लोणच्याच्या बरण्यांपुढे.
सावरते.
लुखुमी हसतो. खालच्या मजल्यावरचा, बारा वर्षांचा.
'लामारा बेबो, त्याला डोळे कुठायत?'
डोळे नाहीत. हातही नाहीत.
हात लावण्याचा नियम
त्याला कधी लागणारच नाही.

तीस वर्षं ट्रकच्या कारखान्यात आस मोजले.
केसभर फरक दिसला तरी आस बाजूला.
फोरमन म्हणायचा, जाऊ दे गं, रस्ते तरी कुठे सरळ आहेत?
काही जाऊ दिले मी.
ते अजून कुठल्या तरी घाटात
कुणाच्या तरी खाली फिरत असतील.

फेब्रुवारीतली ती रात्र.
मी प्यादी प्याद्यांत अडकवली,
कुंपण घातलं, आणि मागे राजाला
या घरातून त्या घरात, त्या घरातून या घरात.
पडद्यावर आकडा त्याच्या बाजूनं, तीन.
तो जिंकत होता म्हणे.
भिंतीवर डोकं टेकवून जिंकत होता.
काहीही न मारता, प्यादं न हलवता
पन्नास चाली झाल्या की बरोबरी, हे त्याला पाठ.
सेहेचाळिसाव्या चालीला त्याला बरोबरी सोसेना,
त्यानं प्यादं पुढे ढकललं.

फुकट!
मी मारलं. आकडा खाली आला.
आणखी चार चाली, आणि शून्याच्या खाली,
माझ्या बाजूला.
लुखुमी खुर्चीवर गुडघे टेकून उभा.
बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होता होत नव्हती.

मला घोडा हलवायचा होता.
वाटेत तो अक्रोडाचा उंट तिरका दिसला,
आणि बोटं त्याच्यावर गेली.

शब्द आधी म्हटला होता का मी?
खरं सांगू, आठवत नाही.
इतक्यांदा म्हणते, की तोंड
माझ्याशिवायही म्हणत असेल.

'म्हणालीस तू,' लुखुमी म्हणाला. 'मी ऐकलं.'
आणि माझ्याकडे न बघता
साखरेच्या भांड्याकडे बघत राहिला.

उंटाला जायला दोनच घरं.
दोन्ही भिंतीला भोक पाडणारी.

शंका आली तरी आस बाजूला.
मी उंट हलवला.
त्यानं विचार करायला एक सेकंदही घेतला नाही,
हत्ती आत आला.
एकवीस चाली टिकले.

लुखुमी बूट हातात घेऊन खाली गेला,
मक्याची भाकरी ताटातच.
दोन दिवस फिरकला नाही.
तिसऱ्या दिवशी आला, वही उघडली,
दोनशे बारा हा आकडा खोडरबरानं घासू लागला.
मी शाईनं लिहिला होता.
कागद तेवढा विरला.

पट मांडला. पांढरी माझी.
अक्रोडाचा उंट पुन्हा डावीकडे कललेला.
लुखुमीचं बोट त्याच्याजवळ गेलं,
तिथंच हवेत थांबलं.
तोंड उघडलं त्यानं,
मग मिटलं,
आणि हात खिशात घातला.